सात नंबरची पट्टी

लायलनं आत येऊन दार लावून घेतलं आणि वर कडीही घातली, तेव्हाच बर्नाडीननं ओळखलं की आज कुणाचं तरी नशीब उघडलंय आणि कुणाचं तरी फुटलंय. स्टेडियमच्या पोटातली ती शिवणखोली एरवी सताड उघडी असे. धुलाईवाले, गवत कापणारे, गुडघ्याला बर्फ बांधून लंगडणारे धिप्पाड गडी, ज्याला म्हणून कामातून पळ काढायचा असेल तो तिथं येऊन टेके. दार लागायचं ते फक्त नवं नाव आलं की.

"एक पट्टी शिवायची आहे," लायल म्हणाला. टीमच्या सामानाचा सगळा कारभार त्याच्याकडे. हेल्मेटपासून बुटांच्या नाड्यांपर्यंत. "उद्या संध्याकाळच्या आत. आणि बर्नी..."

"तोंड बंद. तीस वर्षं हेच ऐकतेय. नाव बोल."

"डेलाक्रॉय."

बर्नाडीननं हातातला शर्ट खाली ठेवला. या खोलीत तिनं शेकडो नावं ऐकली होती. खेळाडू विमानातून उतरायच्या आधी त्याच्या नावाची पट्टी जर्सीच्या पाठीवर चढलेली असे, म्हणून मालक आणि मॅनेजर सोडले तर बातमी सगळ्यात आधी तिच्या मशीनला कळायची. पेपरवाल्यांनाही ते ठाऊक होतं. नाताळात तिच्या दारात स्पंज कँडीचे डबे येऊन पडत. बर्नाडीन कँडी खाई, डबे बटणांसाठी ठेवून घेई आणि ब्र काढत नसे. नवऱ्याला, चेस्टरला, तिनं मरेपर्यंत काही सांगितलं नव्हतं, आणि तो बिचारा त्या जखमेसकटच गेला.

पण डेलाक्रॉय! चेंडू फेकून सगळा डाव चालवणारा तो क्वार्टरबॅक. देशात तसे म्हणावेत असे चार-पाच, बाकीचे नुसते चेंडू फेकतात. त्यातला हा. आणि त्यांची एरी स्टीमर्स ही टीम गेल्या मोसमात इतकी मन लावून हरली होती की सवय झालेले लोकसुद्धा हळहळले.

"ओमाहावाले त्याला सोडतायत? वेड लागलंय का त्यांना?"

"त्याचं कोचशी फाटलंय. गुपचूप सोडतायत. गावाला कळलं तर ऑफिस जाळतील म्हणून फक्त आपल्यालाच विचारलंय."

"आणि आपण काय देतोय? एरीचं तळं?"

"यंदाची पहिली पाळी, पुढच्या वर्षीची पहिली आणि त्याच्या पुढचीही."

तिनं कपाळावर हात मारून घेतला. कॉलेजातून बाहेर पडणारी पोरं टीमनी पाळीपाळीनं निवडायची, जो जास्त हरला त्याला आधी पाळी, अशी रीत. हरण्यातून गावाला मिळणारं एवढं एकच सुख. उद्या गुरुवारी ती निवड, म्हणजे ड्राफ्ट होता आणि स्टीमर्सची पाळी दुसरीच होती. सगळा हिवाळा एरीतल्या प्रत्येक दारूच्या गुत्त्यात आणि प्रत्येक चर्चच्या पायरीवर एकच विषय चालला होता, की त्या पाळीत कुणाला घ्यायचं. आणि इथं तीन वर्षांचे पाळणे आधीच रिकामे करून टाकले होते.

"बरं. नंबर?"

लायल भिंतीवरच्या दोऱ्याच्या रिळांकडे बघत राहिला. "सात."

बर्नाडीन खुर्चीतून उठली.

सात नंबर गॅरेटचा होता. गॅरेट प्रुइट, स्टीमर्सचा आजचा क्वार्टरबॅक, याच गावचा, तिच्या शेजारच्या घरातला. तिच्या चेरीच्या झाडावरून पडून त्यानं दात पाडून घेतला होता आणि तो दात अजून तिच्या शिवणाच्या डब्यात होता. त्याच्या आईच्या दुखण्यात तो तिच्या स्वयंपाकघरात जेवून मोठा झाला. आणि फुटबॉलमध्ये नंबर म्हणजे पोराच्या नावासारखा. ज्याच्या अंगावर आहे त्यानं आपण होऊन दिला तरच दुसऱ्याला मिळणार. केवढा मोठा खेळाडू येऊ दे, त्यानं आधी जुन्या माणसाच्या पाया पडायचं, त्याला होडी घेऊन द्यायची, नाही तर मोसमभर त्याची गाडी धुवायची. एका आडदांड गड्याला केवळ बावन्न नंबरासाठी आठवडाभर एका पोरसवद्याच्या मागे फिरताना बर्नाडीननं स्वतः पाहिलं होतं.

"गॅरेटला माहीत आहे?" तिनं विचारलं.

"मला जेवढं सांगितलं तेवढं मी तुला सांगितलं," लायल म्हणाला आणि कडी काढून निघून गेला.

म्हणजे त्याला माहीत नाही. म्हणजे त्याला विचारलंसुद्धा नाही. पोराला उचलून फेकतायत आणि फेकायच्या आधी कपडेही काढून घेतायत. बर्नाडीनचं डोकं इतकं तापलं की तिनं मशीनमध्ये दोरा चार वेळा ओवला आणि चारही वेळा चुकला.

दुपारी गॅरेट आला. बुधवारी तो यायचाच, बेकरीतून पेपरोनी बॉलची, म्हणजे मसालेदार मांस भरलेल्या पावाच्या गोळ्यांची, कागदी पिशवी घेऊन. तिनं घाईघाईनं मशीनवर फडकं टाकलं. फडक्याखाली डेलाक्रॉयची पहिली चार अक्षरं होती.

"म्हातारे, जिवंत आहेस अजून?"

"तुझं लग्न पाहिल्याशिवाय जात नाही मी."

"मग अमर झालीस म्हण की." त्यानं डाव्या हातानं पिशवी टेबलावर ठेवली. उजवा हात जाकिटाच्या खिशात होता.

"हाताला काय झालं?"

"थंडी आहे बाहेर."

बाहेर एप्रिल होता, पण एरीतला एप्रिल. पार्किंगच्या कोपऱ्यात काळवंडलेल्या बर्फाचे ढीग अजून पडले होते, त्यामुळे तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. तो स्टुलावर बसला, एक बॉल डाव्या हातानं तोडला, निम्मा तिला दिला. मग खोलीभर नजर फिरवून त्यानं फडक्याकडे पाहिलं.

"काम फार दिसतंय."

"छे रे. पोरांच्या उन्हाळी शिबिराचे शर्ट."

"लायल आला होता का सकाळी?"

तिनं फडकं आणखी पुढं ओढलं. "लायल? नाही बुवा. का?"

"काही नाही." त्यानं पिशवीचं तोंड गुंडाळलं. "बर्नी, तुला एक सांगायचं होतं. पण जाऊ दे, उद्या-परवा बोलू. लायलला भेटलीस की मग बोलू."

पोराला कुणकुण लागलीय, तिच्या मनात आलं, आणि तो माझ्या तोंडून वदवून घ्यायला बघतोय. त्याच्या त्या भाबड्या तोंडाकडे तिला बघवेना. ती उठून इस्त्री तापवत बसली, इस्त्रीला काहीही नसताना. तो गेल्यावर तिनं फडकं उचललं आणि चक्क रडली. रडत रडतच पुढची अक्षरं शिवली, आणि ती अक्षरं नेहमीसारखीच सरळ आली, याचा तिला फार राग आला.

या धंद्यात माणसाला स्वतःची बातमी सगळ्यात शेवटी कळते. एकाला न्हाव्याच्या खुर्चीत, अर्धी हजामत झालेली असताना, टीव्हीवरून कळलं होतं की तो आता दुसऱ्या गावचा झाला. एकाच्या बायकोला दुकानात, रांगेत कळलं होतं. असे पाचपन्नास जण बर्नाडीननं पाहिले होते, त्यांच्या पट्ट्या उसवून त्यांच्या हातात दिल्या होत्या, आणि तोंड उघडलं नव्हतं. पण गॅरेटला उद्या संध्याकाळी सगळ्या गावादेखत टीव्हीवरून कळणार, त्याच्या अंगावरचा सात दुसऱ्यानं घातलेला दिसणार, हे काही तिला पोटात ठेवता येईना. आजच कळलं तर तो मॅनेजरच्या दारात उभा राहील, भांडेल, निदान मान ताठ ठेवून जाईल. तिनं दोनदा त्याला फोन लावला. त्यानं उचलला नाही. संध्याकाळी उन्हं होती तोवरच ती चेरीच्या झाडाखालून पलीकडे डॉइलकडे गेली.

डॉइल म्हणजे गॅरेटचा बाप. चेस्टरबरोबर त्यानं आयुष्यभर रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात काम केलं होतं. त्याच्या गॅरेजच्या दारावर भलामोठा सात रंगवलेला होता. बायको गेल्यापासून त्याच्या आयुष्यात दोनच गोष्टी उरल्या होत्या, रविवारी पोराची मॅच आणि सोमवारी सकाळी रेडिओवर फोन करून कोचला शिव्या घालणं. मुलाचं नाव खराब नको म्हणून तो आडनाव सांगत नसे. "ईस्ट साइडचा डॉइल" एवढंच म्हणे. तो कोण हे गावातल्या कुत्र्यालासुद्धा माहीत होतं.

तिनं सांगितलं. डॉइल ऐकता ऐकता पायरीवर खाली बसला.

"सात नंबर?" तो म्हणाला.

"सात."

"त्याला न विचारता?"

"विचारलं असतं तर तो आज दुपारी माझ्याकडे हसत आला असता का? तू त्याला गाठ, डॉइल. आजच सांग. आणि फक्त त्यालाच. रेडिओ नाही. माझ्या गळ्याची शपथ."

"मला काय अक्कल नाही?"

"नाही."

"बरं, शपथ," डॉइल म्हणाला.

गुरुवारी सकाळी बर्नाडीन पट्टी जर्सीवर चढवत होती. कोपऱ्यात रेडिओ लागला होता. ड्राफ्टचा दिवस, त्यामुळे गावातला जो उठला तो फोन करत होता. कुणाला मोठा अडवणारा गडी हवा होता, कुणाला पळणारा, एका बाईला कोच बदलून हवा होता. आणि मग एक खाकरणं ऐकू आलं आणि तिचा पाय मशीनच्या पॅडलवरून आपोआप उचलला गेला.

"मी डॉइल प्रुइट बोलतोय. गॅरेटचा बाप."

निवेदकानं पुढचा फोन थांबवून ठेवला.

"रात्रभर पोराला फोन लावतोय, तो उचलत नाही. म्हणून आता तुम्हालाच सांगतो. त्या पोरानं या गावासाठी अंगाचा भुगा करून घेतला. पुढे अडवायला तुम्ही त्याला माणसं दिली नाहीत, बुजगावणी दिलीत. आणि आज त्याला हाकलून त्या ओमाहाच्या डेलाक्रॉयला आणताय! तीन वर्षांच्या पहिल्या पाळ्या देऊन! आणि माझ्या पोराच्या अंगावरचा सात नंबर, त्याला न विचारता, दुसऱ्याच्या पाठीवर शिवताय! लाज आहे का?"

"मिस्टर प्रुइट, हे तुम्हाला कळलं कुठून?"

बर्नाडीननं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले.

"जिथून कळायचं तिथून," डॉइल म्हणाला आणि त्यानं फोन आपटला.

ती बसली होती तिथंच बसून राहिली. सुई जर्सीत अर्धी रुतलेली, तशीच. तीस वर्षं जे कुलूप तिनं जपलं त्याची किल्ली तिनं कुणाच्या हातात दिली होती, तर डॉइलच्या! पाचच मिनिटांत लायल आला. त्यानं दार लावलं नाही. आता लावून काय उपयोग? तो उंबऱ्यातच थांबला, जर्सीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तीस वर्षं, बर्नी," एवढंच तो म्हणाला आणि गेला.

पुढं जे झालं ते सगळं गाव बघतच राहिलं. दुपारपर्यंत स्टेडियमच्या फाटकाशी माणसं जमली. कारखान्यातले, बंदरावरचे, शाळा बुडवलेली पोरं, सगळ्यांच्या अंगावर सात. तिकडे ओमाहातही बातमी पोचली, आणि डेलाक्रॉय विकाऊ आहे हे एकदा उघड झाल्यावर बाकीच्या टीम कशाला गप्प बसतात? लुइव्हिलनं आपल्या तीन पहिल्या पाळ्या दिल्या, वर एक जिवंत खेळाडू दिला, आणि ड्राफ्ट सुरू व्हायच्या आत डेलाक्रॉयला उचलून नेलं. एरीचा सौदा फिसकटला. पाळी हातात परत आली, आणि तिच्यात स्टीमर्सनी शाळेच्या बसएवढा एक पोरगा घेतला, गॅरेटच्या पुढे उभं राहून त्याला वाचवण्यासाठी.

संध्याकाळभर गावात गाड्यांचे भोंगे वाजत होते. डॉइलला लोकांनी खांद्यावर घेतलं. बर्नाडीन आपल्या खिडकीतून ते बघत होती. एवढा जड म्हातारा खांद्यांवर डुलतोय, हात वर केलेत, डोळ्यांतून पाणी वाहतंय. तिला शरम वाटत होती आणि आनंदही होत होता, आणि खरं सांगायचं तर आनंदच जास्त होत होता. शब्द मोडला, पण पोर वाचलं.

शुक्रवारी सकाळी गॅरेट शिवणखोलीत आला. त्यानं दार लावलं. डाव्या हातानं, जरा धडपडत, कडीही घातली. लायलशिवाय दुसऱ्या कुणी ती कडी घातल्याचं तिनं आजवर पाहिलं नव्हतं.

"बाबांना तू सांगितलंस."

"हो," बर्नाडीन म्हणाली. "आणि परत वेळ आली तर परत सांगेन. तुला न विचारता तुझा नंबर..."

"बर्नी." तो तिला कधी असं मध्येच तोडत नसे. "तू इतकी वर्षं इथं आहेस. मी हातानं दिल्याशिवाय माझा नंबर कुणाच्या पाठीवर चढला असता का? असं कधी झालंय?"

नाही झालं. कधीच नाही झालं. मालकाच्या पुतण्यासाठीसुद्धा नाही झालं. सगळ्या गावात ही रीत तिच्याइतकी कुणाला पाठ नव्हती, आणि त्या एका सकाळी तिला एकच सुचलं होतं की आपल्या पोराला लुबाडलं. उलटं काही असेल हे मनाला शिवलंच नव्हतं.

"तू दिलास," ती कशीबशी म्हणाली.

"मीच दिला. डेलाक्रॉयला आणा म्हणूनही मीच सांगितलं. मॅनेजरला म्हटलं, मी खेळणं सोडतोय, पण टीम उघडी टाकून जाणार नाही. त्याला आणा, सात त्याला द्या. मी त्याच्याशेजारी उभा राहून गावाला सांगेन. परवा तुझ्याकडे तेच सांगायला आलो होतो. पण तू म्हणालीस लायल आलाच नाही. म्हटलं, आपण कशाला घाई करा."

"खेळणं सोडतोयस? का?"

त्यानं खिशातून उजवा हात काढून टेबलावर ठेवला. टेबलावर एक मोठं काळं बटण पडलं होतं. ते उचलायला तो गेला. अंगठा आला, पण बाकीची बोटं बटणावरून नुसती घसरली, परत घसरली, आणि बटण टेबलावरून घरंगळून खाली गेलं.

याच हातानं तो अर्ध्या मैदानापलीकडं चेंडू अचूक टाकायचा. लहानपणी याच हातानं तो तिच्या सुईत दोरा ओवून द्यायचा.

"मान," तो म्हणाला. "नोव्हेंबरात बर्फातली मॅच, मला दोघांनी उलटा आपटला, आठवतं? नस दबलीय. काही दिवस बरा असतो, काही दिवस असा. बाहेरच्या डॉक्टरला दाखवलं. तो म्हणतो, तसा आणखी एक दणका बसला की हात गेला. हातावर भागलं तर नशीब म्हणायचं."

"टीमला माहीत आहे?"

"फक्त दमलोय म्हणून सांगितलं. हे कुणालाच नाही सांगितलं."

"मग आजच सोड! आत्ता वर जा आणि सांग!"

"सोडून कुणाच्या हवाली करू? माझ्यामागं जो पोरगा आहे त्याला मॅचच्या आधी उलट्या होतात. डेलाक्रॉय गेला. आणि बाबा..." त्यानं हात परत खिशात घातला. "काल बाबांना पाहिलंस ना? आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. गावाच्या हातात नवं खेळणं देऊन मग जुनं काढून घ्यायचं होतं मला. आता कसं काढू? एकच वर्ष, बर्नी. निभेल."

"माझ्यामुळं," ती म्हणाली. "माझ्यामुळं झालं हे."

त्यानं ते नाकारलं नाही. निदान खोटं तरी बोलला नाही पोरगा. "ती पट्टी उसव आणि माझी परत लाव," तो म्हणाला. "बाह्या जरा सैल कर, हात वर नेताना अडखळतो. आणि या वेळी तरी शपथ पाळ. हाताबद्दल तोंडातून शब्द काढायचा नाही."

"तोंडातून शब्द काढणार नाही," बर्नाडीन म्हणाली.

तो गेल्यावर ती वाकली आणि टेबलाखालचं बटण शोधून काढलं. बराच वेळ ती ते हातात धरून बसली होती.

दुपारी टीव्हीवाले डॉइलच्या घरी येणार होते. बाप आणि लेक, गावानं वाचवलेला क्वार्टरबॅक, असं काहीतरी दाखवायचं होतं त्यांना. अंगणाबाहेर रस्त्यावर गर्दी होती, कुणी ढोल आणला होता, "सात! सात!" चाललं होतं. बर्नाडीन दोन्ही हातांत केकचं ताट धरून चेरीच्या झाडाखालून मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरली. आत बाप-लेक दोघंच होते. डॉइलनं बायकोच्या अंत्यविधीचा पांढरा शर्ट घातला होता आणि गळ्याच्या बटणाशी झटत होता. कारखान्यानं त्याची बोटं केळ्यांएवढी जाड करून ठेवली होती.

"आलीस? देव पावला," तो म्हणाला. "बाई, तू नसतीस तर आज माझं पोर कुठल्या गावाला असतं! ये, हे मेलं बटण लाव. गाडी आलीसुद्धा त्यांची."

तिनं ताट खाली ठेवलं नाही.

"माझे हात अडकलेत," ती म्हणाली. "गॅरेट, तू लाव बाबांचं बटण."

गॅरेटनं मान वर केली. त्यानं तिच्याकडे असं पाहिलं, की तिला वाटलं, आता हा आपल्याशी जन्मभर बोलणार नाही. तिनं नजर हटवली नाही. ताटाच्या कडा तिच्या तळहातांत रुतत होत्या.

तो पुढे झाला आणि त्यानं डावा हात बापाच्या गळ्याशी नेला.

"डाव्यानं काय?" डॉइल हसला. "उजवा काय लुइव्हिलला दिलास?"

उजवा हात वर आला. डॉइल हनुवटी उचलून छताकडे बघत, हसत उभा होता. बोटं त्याच्या गळ्याला लागली, बटणावरून सरकली, परत आली, परत सरकली. बाहेर ढोल वाजत होता. डॉइलचं हसू हळूहळू मावळलं. त्यानं हनुवटी खाली घेतली आणि आपल्या छातीवर चाचपडणाऱ्या त्या हाताकडे पाहिलं. मग तो हात त्यानं आपल्या दोन्ही पंजांत धरला आणि एकेक बोट दाबून पाहू लागला, पोर लहान असताना थंडीत दाबायचा तसं.

"हे लागतंय?"

"नाही."

"हे?"

"थोडं."

"कधीपासून?"

"नोव्हेंबर," गॅरेट म्हणाला.

डॉइल खुर्चीत बसला नाही, ओरडला नाही. तो पोराचा हात धरून तसाच उभा राहिला आणि त्याच्या चेहऱ्यावरचा सगळा रंग उतरत गेला. समोरच्या दारावर टकटक झाली. "मिस्टर प्रुइट, आम्ही तयार आहोत," कुणीतरी बाहेरून हाक मारली. मागोमाग गर्दीनं पुन्हा एकदा सात नंबरचा गजर केला.

"मी काय केलं," डॉइल म्हणाला. मग बर्नाडीनकडे वळून, "आपण काय केलं, बर्नी?"

"बाबा, एकच वर्ष आहे. निभेल."

"गप." त्यानं हात सोडला नाही. दुसऱ्या हातानं खिसे चाचपले, टेबलावर चाचपलं, साखरेचा डबा पाडला. "माझा फोन कुठंय? रेडिओला लावायचाय. त्यांना सांगतो, मी डॉइल प्रुइट बोलतोय, काल मी बोललो ते सगळं चूक होतं."

फोन खिडकीत होता. नंबर त्याला तोंडपाठ होता, पण पोराचा हात तो सोडेना, आणि त्या जाड बोटांनी एकहाती बटणं दाबली जाईनात. बर्नाडीननं ताट खाली ठेवलं आणि त्यानं एकेक आकडा सांगितला तसा तो लावून दिला.